तेजस्वीचा पासवर्ड

प्रिय अमर,

उचगावातल्या उचगावात कोण पत्र लिहितं, असं म्हणशील. तीनदा फोन लावला आणि तू उचलायच्या आत कापला. तुझा आवाज ऐकला की मी परत खोटं बोलणार, हे मला ठाऊक आहे. तेव्हा वहिनींनाही जवळ बसव आणि शेवटपर्यंत वाच. मधेच फाडू नकोस, लेका.

तुझ्या तेजस्वीचं कॉलेज बंद करून तिला पेठ वडगावला तुझ्या बहिणीकडं धाडलंस, त्याला आज बावीस दिवस झाले. तिच्या मेलवरून सगळ्या सरांना घाणेरडी चित्रं गेली, प्राचार्यांनी तुला बोलावून घेतलं, आणि तू तिला घेऊन तडक माझ्या दुकानात आलास. अभ्या, तुला यातलं कळतं, तूच सांग, म्हणालास. फॉर्म भरायला आलेली सहा-सात माणसं बसली होती. त्यांच्यादेखत मी बोललो, की कुणा पोराला पासवर्ड दिल्याशिवाय असं होत नसतं. पोरगी रडत म्हणाली, काका, मी कुणालाच दिला नाही. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही, प्रिंटरमध्ये कागद घालत बसलो. तू तिथंच तिचा फोन काढून घेतलास.

आता खरं ऐक. दुकान टाकलं तेव्हा टेबलं तुझ्याच टेम्पोतनं आली, आणि पहिलं गिऱ्हाईकही तूच आणलंस, नुकती दहावी झालेली तेजस्वी. अकरावीच्या फॉर्मला मेल लागतो म्हणून तिचं खातं मी उघडलं आणि पासवर्ड टाकला दुकानाचं नाव, पुढं एक-दोन-तीन. तिच्यानंतर गावातली तीनशेवर खाती उघडली, सगळ्यांना तोच. माणसं विसरतात आणि मग माझं डोकं खातात, म्हणून. फोन नंबरही सगळीकडं माझाच दिला. मध्ये एकदा ती आली होती. काका, मला पासवर्ड बदलायचाय, पण बदलायचा कोड तुमच्या फोनवर येतो, म्हणाली. लई शहाणी झालीस व्हय, म्हणून मी तिला हाकलली. त्या पोरीला कळत होतं ते मला या धंद्यात बसून कळलं नाही.

मागच्या महिन्यात दुकानाच्या मेलवर एक सूचना आली, खातं बंद पडणार, ताबडतोब पासवर्ड भरा. असल्याला फसू नका म्हणून गावाला मीच सांगत हिंडतो की! आणि मीच भरला. चहा पीत पीत, दुसऱ्या हातानं. सगळ्यांच्या खात्यांची यादी त्याच मेलमध्ये ठेवलेली. चोराला आणखी काय पाहिजे?

इथवर गाढवपणा होता. पुढचं पाप आहे. तुम्ही दोघं आलात त्याच दिवशी सकाळी दूध संस्थेचे तात्यासो आणि अंगणवाडीच्या बनाबाई हेच गाऱ्हाणं घेऊन आले होते. त्यांना मी सर्व्हरचा घोटाळा म्हणून सांगितलं आणि गुपचूप पासवर्ड बदलून दिले. म्हणजे तू विचारलंस तेव्हा मला सगळं माहीत होतं, अमर. दुकान बसेल, लोक तोंडावर थुंकतील, या भीतीनं मी तुझ्या पोरीवर ढकललं. लाज वाटते रे. आरशात बघून दाढी करवत नाही.

काल तुझा निरोप आला. रविवारी वडगावला तेजस्वीला बघायला पावणं येणार, आणि घरचा माणूस म्हणून मी बैठकीला बसायचं. घरचा माणूस! एकोणीस वर्षांची पोर, माझ्या एका वाक्यानं तिचं शिक्षण गेलं, आता आयुष्यही जाईल. बैठक मोड. कारण विचारलं तर माझं नाव सांग. प्राचार्यांना मी आज सकाळी लेखी देऊन आलोय, त्याची प्रत सोबत आहे. दुकानाबाहेर फळा लावलाय, मी उघडलेली खाती धोक्यात आहेत, चूक माझी, येऊन पासवर्ड बदलून घ्या. लोक यायला लागलेत, शिव्या देतायत, देऊ देत. माझं काय करायचं ते कर, हवं तर दारातही उभं करू नकोस. पण आजच वडगावला जा, पोरीचा फोन तिच्या हातात दे आणि तिला काय म्हणायचंय ते ऐकून घे. त्या दिवशी आपण दोघांनीही ऐकलं नाही.

तुझाच म्हणायला तोंड राहिलं नाही, तरी तुझाच,
अभिनंदन