ताईने न दिलेला अंगठा

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण तू फोन उचललास की लगेच आईच्या हातात देतेस. तिला त्यातलं ऐकू येत नाही, मग मी ओरडतो, आणि खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं माझं कुणाशी तरी जुंपलंय. भांडायला तरी कुणी हवं ना! म्हणून कागद.

कवळ्यांचं काम चालू आहे. दवाखान्यांतून साचे येतात, मी मेणात दात बसवतो, घासूनपुसून परत पाठवतो. दिवसभर समोर जबडेच जबडे, आणि एकही बोलेल तर शपथ.

विषय असा, की मी सोशल मीडिया सोडतोय. परवा वाढदिवसाला शुभेच्छांचा नुसता ढीग पडला. एकानं तर वहिनींना नमस्कार कळवलाय. आता वहिनी कुठून आणू? सगळ्यांचे आभार मानत बसलो आणि मधेच लक्षात आलं, की दाराची बेल दिवसभरात एकदाही वाजलेली नाही. तेव्हाच ठरवलं, पुरे झालं हे.

पण खातं बंद करताना ते विचारतं, आजवरचं सगळं कायमचं पुसायचं की राहू द्यायचं. तिथे माझं घोडं अडलंय. ठेवलं तर माझं सामान माझ्यामागे उघड्यावर पडून राहणार. पुसलं तर इतकी वर्षं मी कुठे होतो, हे कोण सांगणार? बटणावर बोट नेतो आणि मागे घेतो. तुला विचारतोय खरा, पण तुला काय फरक पडणार म्हणा. आजवर माझ्या एकाही पोस्टला तू साधा अंगठा दिला नाहीस. राग नाही, आपलं सांगितलं.

आईला नमस्कार सांग. तुझ्या पाठीला जप, आणि या वेड्यावर आहे ती माया कमी करू नकोस.

तुझा,
भुंगा


९ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले आणि मग भयंकर चिडले. अंगठा म्हणे! अरे, जन्मभर मी शाळेत पोरांना सही करायला शिकवलं, आणि म्हातारपणी स्वतः अंगठा उठवू? शिवाय आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे काय, ते विसरलास? तू हौसेनं फोटो टाकायचास आणि तुझ्या सख्ख्या बहिणीनं खाली अंगठा दाखवायचा? काल शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, अहो, ते कौतुक असतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं रे. मी तुझा शब्द न् शब्द वाचलाय.

आणि नुसता वाचला नाही. आता सांगतेच. दुपारी चहा झाला की मी आईच्या कानाशी बसते आणि तुझी पोस्ट वाचून दाखवते. सुरुवातीला आपलं ‘तीर्थरूप आईस’ जोडते, शेवटी तुझं नाव. तिला वाटतं, तू पत्रं लिहितोस. तू नवं काही टाकलं नाहीस की जुनं काढते. तिला आठवत नाही, दर वेळी तेवढीच खूश होते. मित्रांबरोबर त्या लांबलचक टेबलावर जेवलास ना, ते तिचं फार लाडकं. तपासायला नर्स येते, तिला सांगते, माझ्या मुलाला माणसं फार.

तेव्हा सोडायचं तर खुशाल सोड, पण पुसू नकोस. मी तिला काय वाचून दाखवू? खरं सांगायचं तर या घरात मोठ्यानं बोलणं होतं ते तेवढंच. बाकी दिवसभर औषध घे आणि पाय वर घे.

नीट जेवत जा. रागावले असले तरी जीव तुझ्यावरच आहे, हे ध्यानात ठेव.

तुझी,
ताई


१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस हातातल्या कामात दात वाकडे बसत होते. कुणीच वाचत नाही असं धरून मी चाललो होतो, आणि तू सगळं वाचत होतीस. मला आधी आनंद झाला आणि मग लाज वाटली.

कारण ते टेबल माझं नव्हतं, ताई. मी एकटाच जेवायला गेलो होतो. शेजारी कुणाची तरी पार्टी चालली होती. वेटरला फोटो काढायला सांगितला, ती माणसं आपसूक त्यात आली. वर मीच लिहिलं, ‘आपली माणसं’. खिडकीतल्या दोन कपांचा फोटो आठवतो? दोन्ही चहा मीच प्यायलो. सगळे थोडंफार असंच करतात, म्हणून मला त्याचं काही वाटत नसे. पण आई ते खरं मानून नर्सला सांगते, हे काही मला गिळवत नाही. म्हणून पुसावंसं वाटतंय. आणि तू नको म्हणतेस म्हणून हात चालत नाही.

सोबत आईसाठी चार ओळी आहेत. वाचून दाखवायच्या की नाही ते तू ठरव. तुला झेपेल तेच कर, आणि मला पदरात घे.

तुझा,
भुंगा

*

तीर्थरूप आईस,
शि. सा. न.

गेल्या आठवड्यात ताप होता, म्हणून काम बंद ठेवलं. पेज करायचा कंटाळा आला, पाव पाण्यात बुडवून खाल्ला. मी इथे एकटा असतो, आई. रेडिओ लावून ठेवतो, म्हणजे घरात कुणी आहे असं वाटतं. तुझी आठवण येते.

तुझा,
भुंगा


२२ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या चार ओळी मी दोन दिवस उशीखाली ठेवल्या. म्हटलं, कशाला म्हातारीच्या जिवाला घोर. शेवटी काल वाचायला घेतल्या. ‘एकटा’ गाळायचा असं ठरवलं होतं, पण जीभ वळली नाही. सगळं वाचलं.

आई म्हणाली, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. माझ्या हातातून कागद घेतला, त्यावर हात फिरवत राहिली आणि म्हणाली, किती दिवसांनी भुंग्याचं पत्र आलं गं.

मी म्हटलं, अगं, रोज तर वाचून दाखवते. त्यावर म्हणाली, तो कुणीतरी सुखी माणूस होता. चांगला होता बिचारा, ऐकायला बरं वाटायचं. पण हा आपला आहे.

मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. इतक्या दुपारी मी तिला कोणाचं वाचून दाखवत होते रे?

तेव्हा माझं आधीचं म्हणणं मागे घेते. पूस. सगळं पूस. त्या सुखी माणसाची आमच्या घरी आता कुणी चौकशी करत नाही. आज चहानंतर सवयीनं मी फोन उघडला, तर आईनं हातानं बाजूला सारला आणि विचारलं, त्याचं आलं का? मला नाही म्हणावं लागलं. उद्याही विचारेल. काय जेवलास, काय नाही जेवलास, जे असेल ते लिही, पण मला रोज नाही म्हणायला लावू नकोस.

आम्ही दोघी वाट बघतोय, एवढं मनात असू दे.

तुझी,
ताई