खोट्या वर्दीतले दिवस

५ मार्च २००६, रविवार

आज ऑकलंडमधल्या अवोन्डेलच्या बाजारात आमच्या विनोदी टीव्ही मालिकेचं शूटिंग. ऊन फार. जाड पोलिसी जॅकेटच्या आत अंग नुसतं शिजत होतं. एकीकडे कोथिंबिरीच्या जुड्या, एकीकडे मासळी, आणि मधे आम्ही तिघे खोटे पोलीस, मागे खांद्यावर कॅमेरा. सगळं डॉक्युमेंटरीसारखं दिसायला हवं, म्हणून ग्रेग, आमचा डायरेक्टर, पुढे काय घडणार ते आधी सांगतच नाही. समोर येईल त्याला आपापल्या भूमिकेत राहून तोंड द्यायचं. मी कॉन्स्टेबल प्रिया. कुठलाही गुन्हा असो, प्रिया पार्किंगचं तिकीट फाडते. लोकांना तेच आवडणार म्हणे.

एका म्हाताऱ्या बाईनं माझा हात धरला. सुती पातळ, वर पुरुषी जर्किन, पायात रबरी चपला. सरळ मराठीत म्हणाली, "बाई, तुम्ही पोलीस ना? मला माझ्या गावी धाडा. बार्शीला. पासपोर्ट पोरानं ठेवून घेतलाय. माझी लेक बाळंत व्हायचीय."

मला वाटलं ग्रेगनंच आणलीय. मागे एकदा कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या गुजराती काकांना असंच न सांगता माझ्यासमोर उभं केलं होतं. मी प्रियाच राहिले. पेन शोधलं, पाडलं, परत पाडलं. गाडी कुठे लावलीत, म्हणून विचारलं. ती म्हणाली, गाडी नाही माझ्याकडं. मी तिकीट फाडून तिच्या हातात दिलं. क्रू तोंडावर हात ठेवून हसत होता.

तिनं त्या तिकिटाची नीट घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. कॅमेऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. तेव्हा कुठे मला शंका आली, ही ग्रेगनं आणलेली नसावी.

तेवढ्यात तिचा मुलगा आला. चाळिशीचा असेल. घाबरलेला. सॉरी ऑफिसर, आईला काही आठवत नाही, असं इंग्रजीत म्हणाला. माझ्याशी मराठीत एक शब्द नाही. तिचा दंड धरून गर्दीतून घेऊन गेला.

ग्रेग पळत आला. म्हणाला, ब्रिलियंट, ही बाई तुला कुठे सापडली?

६ मार्च

झोप नाही. हातावर तिची बोटं अजून जाणवतात.

नवऱ्याला, संदीपला सांगितलं. तो म्हणाला, म्हातारी माणसं बोलतात काहीबाही, तू मनाला लावून घेऊ नकोस. मग ऑफिसला गेला. मिहूला शाळेत सोडलं. लॅबमध्ये दिवसभर नळ्यांवर लेबलं लावली. इथलं रजिस्ट्रेशन होईपर्यंत हेच काम. पुण्यात अख्खी लॅब मी बघायचे. म्हणून तर लायब्ररीतली 'भारतीय स्त्री हवी, अनुभव नको' ही जाहिरात बघून ऑडिशनला गेले होते. कॉलेजात एकांकिका केल्या होत्या तेवढ्याच. वर्षभर घरात कुणी हसलं नव्हतं, माझ्यावर कुणीतरी हसावं असं वाटलं होतं.

नियम असा की कॅमेरा बंद असला की वर्दीवर कोट घालायचा, लोकांची फसगत नको म्हणून. पण काल कॅमेरा चालू होता. नियम कुणीच मोडला नाही.

९ मार्च, गुरुवार

ग्रेगनं एडिटिंगच्या खोलीत बोलावलं. बाजाराचा सीन दाखवला. सगळे हसले. खरंच विनोदी आहे. तिसऱ्यांदा पेन पडतं तेव्हा मी पण हसले. आवाज बाहेर आला आणि मलाच कळलं की हा माझा आहे.

मग मी म्हटलं, आवाज वाढवा. त्यांना शब्द कळत नाहीत, त्यांना फक्त माझा चेहरा हवाय. मी वाकून पेन उचलत असताना ती काहीतरी बोलली होती, ते तेव्हा ऐकूच आलं नव्हतं. माइकनं पकडलंय.

"बाहेरनं कडी लावून जातो. दिवसभर मी एकलीच."

परत लावायला सांगितलं. तेच.

ग्रेगनं विचारलं, काय म्हणतेय? मी सांगितलं. मग त्यानं विचारलं, खरंच? तो वाईट माणूस नाही. पण लगेच म्हणाला, सीन वापरायचा तर तिची संमती लागेल, तुला तिची भाषा येते, तू तिला शोधशील का.

शोधणारच आहे. त्याच्यासाठी नाही.

१२ मार्च, रविवार

मेश्रामकाकांकडे महिन्याची बुद्धवंदना. इथली आपली दहाबारा घरं जमतात. जेवणाच्या वेळी काकांना एकट्यांना गाठून विचारलं. काका इथे आले तेव्हा ऑकलंडात मराठी माणूस शोधावा लागायचा, म्हणून ते सगळ्यांना ओळखतात.

वर्णन ऐकून म्हणाले, बार्शी म्हणजे नितीनची आई. तो इलेक्ट्रिशियन आहे. बायको सोडून गेली, सिडनीला. आईला दोन वर्षांपूर्वी आणलं. पहिल्यांदा सगळीकडे घेऊन यायचा, आता बऱ्याच दिवसांत दिसला नाही.

राहतो कुठे? माउंट रॉस्किलमध्येच. आमच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्यावर. मिहूच्या शाळेच्या मागचा रस्ता.

रोज तिथून जाते मी.

१३ मार्च

पोलीस स्टेशनला गेले. खऱ्या. काउंटरवर सामोअन बाई, माझ्यापेक्षा तरुण. मी कोण, वर्दी कशी घातली होती, सगळं सांगताना घाम फुटला. वाटलं हसेल. हसली नाही. सावकाश लिहून घेतलं, दोनदा विचारलं, तुम्ही स्वतः कडी बघितली का? नाही. पासपोर्ट? नाही. उद्या आम्ही जाऊन येतो म्हणाली.

बाहेर आल्यावर हलकं वाटलं. बसमध्ये रडले.

१५ मार्च, बुधवार

पोलीसबाईचाच फोन. जाऊन आले. घर स्वच्छ, बाई धडधाकट, फ्रिजमध्ये जेवण. काही तक्रार आहे का विचारलं, तर नाही म्हणाल्या.

मी विचारलं, कुठल्या भाषेत विचारलंत?

मग म्हणाली, मुलानं भाषांतर केलं.

तिला बोलतानाच कळलं असावं. दुभाषी घेऊन परत जाऊ, थोडा वेळ लागेल, म्हणाली. मुलानं हेही सांगितलं म्हणे, की मुलगी वगैरे कुणी नाही, आईच्या डोक्यातलं आहे ते.

मुलगी नाही. मग बाळंत कोण होणार होतं?

२१ मार्च

आजही शाळेतून येताना मागच्या रस्त्यानं आले. पांढरं लाकडी घर, पडदे ओढलेले, पायरीवर पुरुषाचे बूट. मिहूनं हात ओढला. "मम, धिस इजन्ट अवर वे." मी म्हटलं, थोडं चालू या गं. ती म्हणाली, यू से दॅट एव्हरी डे.

पडदा हलल्यासारखा वाटला. वारा असेल.

काल शूटिंगला माझं लक्षच नव्हतं. पेन पाडायचं होतं, ते घट्ट धरून उभी राहिले. ग्रेगनं तीन टेक घेतले आणि मग तो शॉटच सोडून दिला.

२ एप्रिल, रविवार

सोलापूरहून दादाचा फोन. त्याला बार्शीत चौकशी करायला सांगितलं होतं. त्याचा मित्र तिथे शिक्षक आहे.

मुलगी आहे. शोभा नाव. पन्नाशीला आलेली, बार्शीतच, शिवणकाम करते. तिची मुलंसुद्धा कॉलेजात. दादानं नंबर दिला. मी लगेच लावला. पलीकडून ती सारखं म्हणत होती, आई बरी आहे ना? नितीन म्हणतो आई मजेत आहे, पण फोनवर कधी देत नाही, झोपलीय म्हणतो. दोघं भांडलेत. बार्शीची जागा विकून त्यानं आईला नेलं, शोभाला न विचारता. म्हणून 'बहीण नाही'.

फोन ठेवल्यावर सं. म्हणाला, म्हणजे तो खोटं बोलला. हो. पण बाळंतपणाचं त्याची आईसुद्धा खरं बोलली नव्हती. कुणाचं काय खरं ते...

५ एप्रिल

घर रिकामं. पडदेसुद्धा काढलेले. शेजारची टोंगन बाई म्हणाली, टौरंगाला गेले, किवीफ्रूटचा सीझन आहे, त्याला फळं खोक्यांत भरायच्या पॅकहाउसमध्ये काम मिळालं. म्हातारी जाताना गाडीत बसायला तयार नव्हती.

पोलीसबाईला कळवलं. तिकडच्या स्टेशनला निरोप देते म्हणाली. आवाज थकलेला.

मीच कळवलं, म्हणून तो गेला का?

९ एप्रिल

मेश्रामकाकांनी सरळ नितीनला फोन लावला. मला वाटलं होतं तो उचलणार नाही. उचलला, पत्ता दिला. बघायचंय तर येऊ दे म्हणाला त्या पोलीस बाईला.

काकांनी सांगितलं, अरे, ती पोलीस नाही. तरी येऊ दे, म्हणाला.

१५ एप्रिल, शनिवार. टौरंगा

ईस्टरची सुट्टी. सं.नं स्वतःहून गाडी काढली. मिहूला मेश्रामकाकूंकडे ठेवलं. वाटभर गाड्याच गाड्या, बोलणं नाही.

बंदराच्या बाजूला भाड्याचं लहान घर. दार वाजवलं. आतून पावलं आली, दाराशी थांबली. बाहेरून कडी. नवी, चकचकीत, वर कुलूप.

सं. कुलपाकडे बघत राहिला. तोपर्यंत त्याला खरं वाटत नव्हतं. मलाही, बहुतेक.

बाजूला खिडकी होती. वीतभरच उघडते. ती तिथे आली. मला ओळखलं नाही. साध्या कपड्यांत होते. "कोण पाहिजे? नितीन कामावर गेलाय," म्हणाली. शांत होती. केस विंचरलेले, कपाळावर कुंकू. जेवलात का, मी विचारलं. हो, भाकरी खाल्ली. त्यानंच थापली. जाड करतो.

मी शोभाला फोन लावला आणि मोबाइल फटीतून आत दिला. लेकीशी बोला म्हटलं.

तिनं कानाला लावला. पलीकडे शोभा आई आई करत रडतेय ते मला बाहेर ऐकू येत होतं. ही ऐकत राहिली. चेहऱ्यावर कसलीच रेघ नाही. मग फोन परत दिला आणि हळूच म्हणाली, "कुणीतरी बाई रडतीय. माझी लेक एवढी मोठी न्हाई."

शोभानं ते ऐकलं. फोन चालूच होता.

मग नितीन आला. आम्हाला खिडकीशी बघून ओरडेल असं वाटलं. पायरीवर बसला. मराठीत बोलला पहिल्यांदा.

"जानेवारीत ती मोटरवेवर सापडली. अनवाणी. ट्रकवाल्यानं थांबवली म्हणून. सांगा, कडी लावू नको तर काय करू?"

मी म्हटलं, आणि आत आग लागली तर? म्हणाला, रोज तोच विचार करतो कामावर. पासपोर्टबद्दल विचारलं. तिनं दोनदा फाडायला घेतला म्हणून लपवला. शोभाबद्दल विचारलं तेव्हा मात्र मान खाली घातली. चूक झाली, म्हणाला. पण त्याच दमात, तिनंही दोन वर्षांत आईला घेऊन ये एकदा असं म्हटलं नाही.

डॉक्टरला दाखवलं का? नाही. आई व्हिजिटर व्हिसावर होती, तो संपलाय. दाखवलं तर परत पाठवतील, ही भीती.

परत पाठवा असंच तर ती म्हणत होती. हे मी बोलले नाही. सं. बोलला.

निघताना ती खिडकीतून बघत होती. मी हात हलवला. तिनं मला नाही, गाडीला हात केला.

१९ एप्रिल

ग्रेगला सांगितलं, संमती देण्याच्या स्थितीत ती नाही. त्यानं सीन काढून टाकला. पहिल्या भागातली सगळ्यात चांगली दोन मिनिटं गेली, असंही म्हणाला. बरं म्हटलं. त्यानं टेप पुसली का, ते विचारायचं राहिलं.

शोभाचे रोज फोन. आईला पाठवा म्हणते. मग म्हणते, मी मशीनवर बसते दिवसभर, बघणार कोण. मग रडते. टौरंगाच्या पोलिसांबरोबर दुभाषी आणि एक नर्स उद्या जाणार आहेत. पोलीसबाईनं मुद्दाम फोन करून सांगितलं. मी नितीनला आधी कळवलं. कळवायला नको होतं का? तो म्हणाला, येऊ देत.

रात्री डोळे मिटले की ती खिडकी. वीतभर.

२२ एप्रिल, शनिवार

नितीनचा फोन. नर्स येऊन गेली. आजार खरा आहे, डॉक्टर लागणार, कडी काढावीच लागणार. त्यानं काढली. दोन दिवस घरी बसला, सोमवारी कामावर गेला नाही तर नोकरी जाईल. आईला परत पाठवायचं तर कागद, व्हिसा, शोभाचं नक्की व्हायला महिना तरी.

"ताई, तेवढे दिवस तुमच्याकडे ठेवाल का? तुमचं बोलणं तिला आवडलं. इथे तिच्या भाषेतलं कुणी नाही."

सांगते म्हटलं.

लॅब आहे, शूटिंग आहे, मिहू आहे. ती दार उघडून निघून गेली तर? आमच्यासमोरचा रस्ता किती वाहता. मग मी काय लावणार दाराला?

सं.ला सांगितलं. जेवणानंतर तो मागच्या खोलीत गेला. इस्त्रीचं टेबल, मिहूची जुनी सायकल, सुटकेसी, एकेक गराजमध्ये नेऊन ठेवलं.

खोली रिकामी झाल्यावर मी आत जाऊन खिडकीशी उभी राहिले. इथून काय दिसतं ते बघायला. शेजारच्यांचं कुंपण, लिंबाचं झाड, पलीकडे बस जाते ते वळण. बराच वेळ उभी होते.

मिहू दारात आली. "हू इज कमिंग, आई?"

माहीत नाही गं, म्हटलं.

नितीनला अजून फोन केलेला नाही.