चार वर्षं आणि एक दिवस

३ फेब्रुवारी, सकाळ.
यंदा ऑफिसात एकही चूक करायची नाही. निवृत्तीच्या तारखांची यादी माझ्याकडे आली आहे. घरून करतो. मेव्हण्याने दिलेला कॉम्प्युटर ऑफिसातल्यांपेक्षा वेगळ्या जातीचा आणि देखणा आहे. बायको म्हणाली, देखणा आहे म्हणून दिला का त्याने? दुर्लक्ष केलं.

५ फेब्रुवारी.
ऑफिसच्या फाइलमधल्या तारखा घरच्या फाइलमध्ये पेस्ट केल्या. गंमत म्हणजे सगळेच एक तारखेला निवृत्त होतायत. नियम महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. प्रत्येक तारखेतून एक दिवस वजा केला. दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नसतं. यादी साहेबांना पाठवली.

६ फेब्रुवारी.
स्टोअर सांभाळणारे आबा थकलेत. वाटायचं, आता सुटतील. यादीत त्यांची अजून चार वर्षं आहेत! स्वतः खाली जाऊन अभिनंदन केलं. आबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, असं होय मास्तर? मग चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला हवा. मला सगळे मास्तर म्हणतात. चोखपणामुळे असावं.

११ फेब्रुवारी.
भाचीचा फोन. ती कॉम्प्युटरमधली, म्हणून सहज यादीचं सांगितलं. म्हणाली, मामा, काही फाइली १९०० पासून दिवस मोजतात, काही १९०४ पासून. ऑफिसातली तारीख तुमच्या घरच्या फाइलमध्ये टाकली की चार वर्षं आणि एक दिवस पुढे सरकते. मी म्हणालो, तो एक दिवस मी दुरुस्त केलाय. ती म्हणाली, तो राहू दिला असतात तर चूक कुणालाही दिसली असती.
जेवण गेलं नाही. म्हणजे आबा याच महिनाअखेरीस निवृत्त.

१२ फेब्रुवारी.
सुधारलेली यादी पाठवली. नाव दिलं 'अंतिम यादी २'. साहेबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. आबांना मात्र उद्या सांगायचंच. पेन्शनचे कागद वीस तारखेच्या आत गेले नाहीत तर अडकतील.

१३ फेब्रुवारी.
आबा आनंदात होते. अशा वेळी सांगणं क्रूरपणा.

१७ फेब्रुवारी.
स्टोअरच्या दारापर्यंत गेलो. आत दोघं-तिघं होते. अशी गोष्ट एकांतात सांगावी.

२० फेब्रुवारी.
दुपारी दोनला जायचं नक्की केलं होतं. नेमकी मीटिंग निघाली. मीटिंग मीच बोलावली होती, हे इथे तरी लिहायला हवं.

२१ फेब्रुवारी.
निवृत्तीचं पत्र त्यांना ऑफिसकडून जाईलच. रीतसर मार्ग तोच. तरी जिना उतरताना स्टोअरकडे बघवत नाही.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ.
खाली गेलो. आबा एकेक किल्ली नव्या माणसाच्या हवाली करत होते. म्हणाले, या मास्तर. अहो, माझी जन्मतारीख मला पाठ आहे. कागद जानेवारीतच दिले. तुम्ही इतक्या हौसेने सांगायला आलात, तुमचं मन मोडवेना. म्हटलं, येतील स्वतःहून. बावीस दिवस वाट बघितली.
मी म्हणालो, तेच सांगायला आलो होतो.
इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. स्टेपलरच्या पिना संपल्या होत्या, त्या मागायला गेलो होतो.
माझ्या हातातला रिकामा स्टेपलर आबांनी पाहिला. कपाटातून पिनांचे दोन डबे काढून दिले.
पुरतील चार वर्षं, म्हणाले.