माझूदेवीचा कौल आणि कमिटीचा शिक्का

५ ऑक्टोबर २०१८
चर्चचे पाद्री वांग देवळात आले. बाईचं बाईशी, पुरुषाचं पुरुषाशी लग्न नको, अशा पत्रकावर ताइनानच्या सगळ्या धर्मांचे शिक्के हवेत म्हणाले. तैवानभरच्या जनमताला सात आठवडे. देऊळ कमिटीचा अध्यक्ष मी. शब्द देऊन बसलो. माझूदेवीचा कौल लावायचा: दोन लाकडं टाकायची, एक उताणं एक पालथं म्हणजे ‘हो’, सलग तीनदा ‘हो’ आला की झालं. एका दिवसाचं काम.

६ ऑक्टोबर
दोन्ही लाकडं उताणी पडली. म्हणजे देवी हसली, ‘हो’ नाही. लाकडं दमट असावीत.

९ ऑक्टोबर
पुन्हा हसली. चारदा. पुजारी म्हणाला, अध्यक्ष, आता पुरे करा, देवीला छळू नका. त्याला काय कळतंय!

दुपारी पेइ-युनचा फोन. लेक तैपेईत असते, ज्या-लिंग नावाच्या रूममेटबरोबर. अकरा वर्षं. तिकडे भाडी फार. म्हणाली, बाबा, त्या कागदावर शिक्का मारलात तर मी घरी पाऊल ठेवणार नाही. नवीन वर्षाला येईलच. आईच्या हातची माशाची पेज तिला तिकडे कोण देणार?

१७ ऑक्टोबर, सकाळी ११
रोज देवीपुढे टेकून गुडघे गेले. पण चूक सापडली. देवीनं स्वतः लग्न केलेलं नाही, तिला लग्नातलं विचारावं कशाला? नवा प्रश्न: घरोघरी सुख नांदावं ना? हो, हो, हो. शिक्का मारला. पाद्री वांगचा कौलावर विश्वास नाही, तरी दाराबाहेर थांबून दोनदा विचारलं, आला का?

२५ नोव्हेंबर
जिंकलो! दणदणीत. बायको म्हणाली, जिंकलात ना, मग घ्या वाढून. एकटाच जेवलो.

४ फेब्रुवारी २०१९
चांद्र वर्षअखेरचं जेवण. पेइ-युन आली नाही. गाडीचं तिकीट मिळालं नसणार. तिची वाटी मांडली होती. पुढच्या वर्षी नक्की.

१७ मे
जनमत जिंकूनही कोर्टाच्या हुकमानं त्या लग्नांचा कायदा झालाच. पाद्री वांग फोन उचलत नाहीत. फार थकवा.

२४ मे
बायको पहाटेच्या गाडीनं तैपेईला. डोळे दाखवायला. नवा लाल ड्रेस घालून, केस सेट करून. आजकालचे डॉक्टर!

२५ मे
बायको परतली. डोळे कसे आहेत विचारलं. म्हणाली, रडून सुजलेत, लेकीचं लग्न होतं. ज्या-लिंगशी.

मला बोलवायचं नाही का, म्हटलं. तर म्हणाली, पेइ-युननं तिकडच्या देवळात कौल लावला होता, बाबांना बोलवू का म्हणून. पहिल्याच फेरीत सलग तीन ‘हो’.

मग?

मग ती म्हणाली, बाबांनी तरी देवीचं कुठे ऐकलं? आणि लाकडं ठेवून दिली.

फार वाईट वाटलं. आज देवळात गेलो नाही. गुडघा दुखतोय.