एका टेबलावर दोन वारे

गॉस्पोर्ट,
नोव्हेंबरातला ओला सोमवार

प्रिय हेस्टर आत्या,

आधी तुला नमस्कार, मग तुझ्या गुडघ्यांना आणि शेवटी तुझ्या मांजराला (मागच्या खेपेला त्याने माझा हात ओरबाडला होता, पण कुणीतरी मोठेपणा घ्यायलाच हवा). खोकला काय म्हणतो? फेअरहॅमला आमच्यापेक्षा थंडी कमी, असं तू दरवर्षी म्हणतेस आणि दरवर्षी खोकतेस. आम्ही नवराबायको ठणठणीत. घराला मासे-चिप्सच्या दुकानाचा वास येतो असं डॉर्कसने तुला फोनवर सांगितल्याचं कळलं. वास येतो हे खरं, पण त्यामागे इतिहास आहे.

माझी ती शिशाची जहाजं तू पाहिली आहेस, नेपोलियनच्या काळातली, बोटाच्या पेराएवढी. क्लबात आम्ही त्यांच्या लढाया खेळतो. आता माणूस जहाज उचलतो ते डोलकाठीला धरून, आणि डोलकाठी तेवढी हातात येते. म्हणून प्रत्येक जहाजाखाली एक पट्टी चिकटवायची, म्हणजे माणसं पट्टीला धरतात. (धरत नाहीत. पण आपण आपलं कर्तव्य करावं.) मी त्या पट्ट्यांवर समुद्रच करायचं ठरवलं. न्हाणीघराच्या फटी बुजवायचं ते ट्यूबमधलं लुकण असतं ना, ते थापायचं, चमच्याच्या दांड्याने लाटा उठवायच्या, वाळलं की निळा रंग आणि वर पांढरा फेस. दिसतं देखणं, फक्त वाळेपर्यंत व्हिनेगरचा वास मारतं, तळलेल्या माशांवर शिंपडतात तसा. शेजारच्या मिसेस ऑडी बशी घेऊन आल्या, मासे उरलेत का म्हणून विचारायला. त्यांना मी एक युद्धनौका दाखवली, तर बिचाऱ्या रिकामी बशी घेऊन परत गेल्या.

खरी आग लागली ती लायनेल टबमुळे. कुंपणापलीकडचा आपला लायनेल, तुला त्याची बायको मॉड आठवत असेलच. ती जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून तो गुरुवारचा माझ्याशी खेळतो तेवढाच माणसात असतो, बाकीचा आठवडा रेडिओशी भांडतो. तर मी कौतुकाने माझा समुद्र त्याला दाखवायला नेला. त्याने चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाला, "ॲम्ब्रोज, अरे टेबलावर निळी चादर आहेच की. मग तुझं प्रत्येक जहाज स्वतःचं डबकं काखेत मारून का फिरतंय?" त्याच्या पट्ट्या पारदर्शक, काचेसारख्या. मी म्हणालो, तुझी जहाजं खिडकीत वाळत घातल्यासारखी दिसतात. तो म्हणाला, निदान ती आंघोळ करून आल्यासारखी तरी दिसत नाहीत. यात रागावण्यासारखं काय होतं, तूच सांग. पण रागावलो, दोघंही. पुढचा गुरुवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. मी बागेत गेलो की तो आत जायचा, आणि तो आला की मला आत काम निघायचं. मला करमेना, आत्या. सरळ सांगतो, त्याच्याशिवाय मला अजिबात करमेना.

पण क्लबाचं प्रदर्शन तोंडावर आलेलं. चर्चच्या सभागृहात मोठी लढाई मांडायची, इंग्रजी आरमार माझं आणि फ्रेंच त्याचं, हे उन्हाळ्यातच ठरलेलं. दोघांनी आपापल्या घरी, एकमेकांना एका शब्दाने न विचारता, जहाजं सजवली. शनिवारी मी टेबलाच्या एका टोकाला माझी मांडली, त्याने दुसऱ्या टोकाला त्याची. आमनेसामने, तोफा सज्ज. मग क्लबाच्या चिटणीस प्रूडेन्सबाई आल्या, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "काय हो, वारा कुठून वाहतोय?"

मी पाहिलं. माझी सगळी शिडं पुढे फुगलेली, म्हणजे वारा माझ्या पाठीमागून. लायनेलचीही सगळी शिडं पुढे फुगलेली, म्हणजे वारा त्याच्या पाठीमागून. एकाच समुद्रावर दोन वारे समोरासमोर! शिडं तर पक्की चिकटवलेली, आणि दार उघडायची वेळ झालेली. शेवटी प्रूडेन्सबाईंनीच हुकूम सोडला, की फ्रेंचांनी गुमान तोंड फिरवावं. लायनेलने एकेक जहाज उचलून (पट्टीला धरून, हे मी मान्य करतो) माझ्या जहाजांच्या शेजारी लावलं. दोन्ही आरमारं, जन्माची वैरी, एकाच वाऱ्यावर खांद्याला खांदा लावून निघाली. आम्ही दोघं दोन बाजूंना माना खाली घालून उभे. तेवढ्यात एक आजीबाई आल्या, टेबलाला फेरी घालून म्हणाल्या, "अगंबाई! कुणाच्या लग्नाला निघालीत ही सगळी?"

लायनेलला हसू फुटलं. मॉड गेल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसत तो म्हणाला, "गुरुवारी ये. डबकी आण हवी तर." मी बरं म्हणालो.

असो. तब्येतीला जप, मांजराला माझ्यापासून जप.

तुझा भाचा,
ॲम्ब्रोज

ता. क. एक विनंती. आमचं जेवणाचं टेबल सध्या जहाजांनी व्यापलं आहे, तेव्हा यंदाचं नाताळचं जेवण तुझ्याकडे करू या का? हंस आम्ही भाजून आणू.

ता. क. २. तसं केलंस तर लायनेललाही तूच बोलाव. स्वतःच्या अक्षरात लिही, की ॲम्ब्रोज हंस कापतो म्हणजे सरपण फोडतो, कुणीतरी चांगल्या हाताचं माणूस हवं. माझं नाव मध्ये आणू नकोस. कीव केल्याचा वास आला तर तो दाराला आतून कडी घालून बसेल.

ता. क. ३. डॉर्कसने पत्र वाचलं. खरं लिहिल्याशिवाय पाकीट बंद करू देणार नाही म्हणते. टेबल मोकळं आहे, तिने कालच पुसून लख्ख केलं. पण मॉडचा शेवटचा नाताळ त्याच टेबलावर झाला, आणि तिची खुर्ची कुठली हे लायनेलला ठाऊक आहे.