माझ्याकडे तर वाजतंय

२ मार्च
आजपासून शिस्त. गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या ॲपचं नवं व्हर्जन महिनाअखेर रिलीज होणार आहे. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला आणि काम फुकट. टेस्टर हवेत असं वाचलं आणि लगेच नाव दिलं. ऑफिसात माझ्या नजरेची कदर नाही. चुका काढणं तुमच्या रक्तातच आहे, असं बायकोही म्हणते. (तिचा सूर वेगळा असतो.)

रिलीजबरोबर टेस्टर मंडळींच्या आभाराची यादी निघते. त्यात पहिलं नाव आपलं. ठरलं.

बाबांच्या फोनवरही ॲप टाकलं. त्यांना रोज सकाळी आठला रक्तदाबाची गोळी असते. ॲप वाजेल, बाबा गोळी घेतील, 'घेतली' हे हिरवं बटण दाबतील. खरा युजर घरातच. बाकीच्या टेस्टरांना कुठलं हे भाग्य?

४ मार्च
बग, म्हणजे ॲपमधल्या चुका, कळवले. बटणाचा हिरवा जरा पोपटीकडे झुकतो. 'गोळीची वेळ झाली' यानंतर पूर्णविराम नाही. वगैरे. मुख्य डेव्हलपरला मी मनात दाढीवाला म्हणतो, कारण फोटोत दाढीच दिसते. त्याने सगळे किरकोळ ठरवून बंद केले आणि लिहिलं, कृपया वेळेवर वाजतंय का तेवढं बघा. मोठी माणसं नेहमी घाईत.

५ मार्च, सकाळ
बाबा म्हणाले, आज वाजलं नाही. मी लगेच माझा फोन बघितला. माझ्याकडे तर वाजलं होतं.

बाबांना शांतपणे समजावलं. 'वाजलं नाही' हा काही बग रिपोर्ट नव्हे. आधी काय केलं, मग कुठे बोट लावलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, हे क्रमाने सांगायचं. बाबा म्हणाले, आधी तोंड धुतलं. ते स्टेपमध्ये धरत नाहीत म्हटलं.

७ मार्च
पुन्हा तेच. आज सविस्तर चौकशी केली. फोन कुठे होता? उलटा की सुलटा? स्क्रीन चालू होती का? बाबांचा बॅटरी सेव्हर कायम चालू असतो, चार्जिंग वाचवतात. खोलीतला दिवाही मालवून बसणारा माणूस, त्याला काय बोलणार? असो, मुद्दा तो नव्हता. आठवून आठवून बाबा घामाघूम झाले.

निष्कर्ष: कान. रिलीज उरकली की तपासून आणू.

१० मार्च
तक्रार बंद! विचारलं तर बाबा म्हणाले, वाजतंय आता. ॲप उघडून खात्री केली. रोज हिरवं. युजरला वळण लावलं की निम्मे बग आपोआप जातात. दाढीवाल्याला कळवलं, ज्येष्ठ युजरवर चाचणी यशस्वी. त्याने अंगठा पाठवला. पहिलाच अंगठा. दिवस सोन्याचा.

१४ मार्च
बाबांना गरगरतंय. बायकोने डॉक्टरांकडे पिटाळलं. आयकॉनची उंची तपासायची राहिली.

रक्तदाब बराच वर. डॉक्टरांनी विचारलं, गोळी नियमित घेता ना? बाबा काही बोलणार तेवढ्यात मी फोन पुढे केला. सगळा आठवडा हिरवा, एकही दिवस लाल नाही. डॉक्टर खूश. एवढं नियमित घेऊनही उतरत नसेल तर गोळी पुरत नाही म्हणाले, आणि डोस दुप्पट केला.

बाबा येताना रिक्षात डोळे मिटून बसले. थकले असतील. बायको म्हणते, उद्यापासून गोळी मी स्वतः हातात देणार. ॲप असताना? पण वाद घातला नाही.

१७ मार्च, दुपार
बाबा बाथरूमच्या दारात पडले. कपाळाला टाके. रक्तदाब पार खाली गेला होता. डॉक्टर म्हणतात, डोस जड झाला, दोन-तीन दिवस हॉस्पिटलातच ठेवू. म्हणजे त्यांनीही टेस्ट न करताच रिलीज केलं, असं मनात आलं. भीती वाटतेय.

१८ मार्च
बाबांचे कपडे न्यायला बायकोने कपाट उघडलं. स्वेटरखाली गोळ्यांच्या पट्ट्या, जवळजवळ भरलेल्या.

तिने त्या हॉस्पिटलात आणल्या आणि पलंगाशी बसून हळूच विचारलं. बाबा म्हणाले, वाजायचंच नाही. दुपारी कधीतरी आठवायचं, तेव्हा घ्यावी की नाही कळायचं नाही. मग 'घेतली' का दाबत होतात, तिने विचारलं.

"नाही म्हटलं की हा प्रश्नावर प्रश्न विचारतो गं," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "मला उत्तरं येत नाहीत."

मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर आलो. जिन्यात बसून रडलो.

२० मार्च
बाबांचा फोन घेऊन बसलो. बॅटरी सेव्हर चालू असला की ॲप मुकं. पहिल्याच प्रयत्नात सापडलं. माझा फोन सदानकदा चार्जरला, म्हणून माझ्याकडे वाजायचं. रिपोर्ट पाठवला.

दाढीवाल्याने लगेच उत्तर दिलं. रिलीज तशीच गेली असती तर किती जणांच्या गोळ्या चुकल्या असत्या, फार मोठा बग पकडलात, कसा सापडला? मी लिहिलं, बारकाईने टेस्टिंग करून. पाठवलं. ते पुसायला गेलो, पण पुसता येत नाही.

२९ मार्च
रिलीज झाली. आभाराच्या यादीत पहिलं नाव माझं. बायकोला दाखवायला गेलो. ती बाबांच्या कपाळावरची पट्टी बदलत होती. नंतर बघते म्हणाली.

३० मार्च, सकाळ
नवा निश्चय. बाबांना यापुढे प्रश्न नाहीत. ते म्हणतील ते खरं.

ते पेपर वाचत बसले होते. त्यांचा फोन उचलून स्वयंपाकघरात आणला, दुरुस्त व्हर्जन टाकलं, गोळीची वेळ भरायला घेतली. तेवढ्यात घड्याळात आठ झाले आणि सवयीने तोंडातून गेलं, बाबा, वाजलं का?

"वाजलं की," बाबा बाहेरून घाईघाईने म्हणाले. "चांगलं मोठ्यांदा वाजलं."

फोन माझ्या हातात होता. वेळ अजून भरायची होती.