नळदुर्ग लांब नव्हतं

प्रिय अक्का,

तू जाऊन वर्ष होत आलं आणि मी आज लिहायला बसलोय. उशीर झाला, रागावू नकोस. सातवीपर्यंत शिकलेला हात, त्यात अपराधी. कुठून सुरुवात करावी तेच कळत नव्हतं.

काल आमच्या धाराशिवच्या कॉलनीत भिंतीपलीकडचे गुरुजी वारले. मला कळलं ते फोनवर. खिडकीतून पाहिलं तर तिरडी निघूनही गेली होती. तेव्हापासून घास उतरत नाही. आपल्या भाऊंचा दिवस डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या दिवशी खरं काय झालं, ते मी तुला कधी सांगितलंच नाही.

भाऊ गेले त्या सकाळी त्यांचा पोरगा मोटारसायकल काढून उभा होता. "नाना, नळदुर्गला जाऊन आत्याला घेऊन येतो." मीच त्याला अडवलं. नवीन फोनची ऐट होती ना! म्हटलं, "कशाला पेट्रोल जाळतोस? एका बोटात सगळ्या सोयऱ्यांना कळवलंय."

पुण्याहून तुझ्या लेकाने, बाबूने, लगेच हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तुझ्याकडे असला फोन नव्हता; मला वाटलं, तो तुला सांगेल. त्याला वाटलं, रिवाजाप्रमाणे तुझ्याकडे माणूस गेला असेल. तुझ्याकडे कुणीच आलं नाही.

बहीण आल्याशिवाय मयत उचलत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं का? गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी विचारलंही, "अक्काची वाट बघायची न्हवं?"

मी म्हणालो, "तिला कळवलंय. गुडघ्यानं येणं व्हायचं न्हाय."

तू असं कधी म्हणाली होतीस गं? माझं मीच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तू एसटीने आलीस. आजारी भावासाठी शेंगाची चटणी घेऊन. दारातूनच विचारलंस, "भाऊ जेवला का रं?" मग तुला कोपऱ्यातला दिवा दिसला.

रडून झाल्यावर एवढंच म्हणालीस, "नाना, नळदुर्ग लई लांब हाय व्हय रं?"

मी उठून फोन चार्जिंगला लावला. ते आठवलं की आजही मान वर होत नाही.

पुढे राखीला तू नेहमीसारखी आलीस, तो विषय काढला नाहीस. चार शिव्या का दिल्या नाहीस? थोडं हलकं वाटलं असतं.

फोन घेताना दुकानदार म्हणाला होता, "काका, आता सगळे जवळ आले बघा." पुण्याचा बाबू जवळ आलाच की. तूच तेवढी राहिलीस.

आता पोरांकडून कबूल करून घेतलंय. माझं बरंवाईट झालं तर उमरग्याला तुझ्या लेकीकडे, शांताकडे, माणूस जाईल. ती येईपर्यंत मला हलवायचं नाही. हा माझा तुला शब्द.

नळदुर्ग लांब नव्हतं, अक्का. तासा-सव्वा तासाचा रस्ता.

माफ केलंस का, तेवढा सांगावा लवकर धाड. फोन आत ठेवलाय. मी दारातच बसून आहे.

तुझा धाकटा,
नाना